मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाला दिलेले शिक्षण कितपत पोहोचले, हे कसे तपासावे?

प्रश्न (वैद्यकीय समाजसेवक):
दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना आम्ही पथ्य, औषधे आणि डायलिसिसची पूर्वतयारी समजावून सांगतो. अहवालात मात्र किती सत्रे घेतली आणि किती पत्रके वाटली, एवढेच लिहिले जाते. त्यावरून रुग्ण घरी काय करतो, हे अजिबात कळत नाही. या शिक्षणाचा दर्जा आपण कशावरून ठरवता?

आहारतज्ज्ञ:
‘समजले का?’ असे विचारल्यावर बहुतेक जण मान डोलावतात, म्हणून मी ‘घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?’ असे विचारते. ‘साधे मीठ बंद, आता सैंधव’ असे उत्तर आले, की सांगण्यात काय राहून गेले ते तिथेच उघड होते, कारण सैंधवातही सोडियम असतेच. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असल्याने ते या रुग्णांना अधिक धोक्याचे ठरू शकते. स्वयंपाक करणारी व्यक्ती सत्राला हजर होती का, हेही नोंदवावे. माझ्या मते पत्रकांच्या संख्येपेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची आहे.

डायलिसिस परिचारिका:
पूर्वीपासून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णाचे डायलिसिस फिस्टुलावर (हातातील धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून डायलिसिससाठी केलेली जोडणी) सुरू झाले की घाईघाईने मानेतील शिरेत कॅथेटर (नळी) घालून, हे अवश्य पाहावे. फिस्टुला वापरण्याजोगा होण्यास कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात, त्यामुळे उशिरा दिलेली माहिती खरी असूनही निरुपयोगी ठरते. अर्थात शस्त्रक्रियेची तारीख न मिळणे, पैशांची अडचण किंवा भीती यांचा दोष शिक्षणाच्या माथी मारू नये. म्हणून माहिती कधी दिली, रुग्णाने निर्णय कधी घेतला आणि शस्त्रक्रिया कधी झाली, या तिन्ही तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात. रक्त घ्यायला कोणी आले, की रुग्ण फिस्टुलासाठी राखलेला हात मागे घेऊन आपणहून दुसरा पुढे करतो का, याकडे माझे मुद्दाम लक्ष असते.

रुग्णाचा मुलगा:
वडिलांना पथ्याचा तक्ता मिळाला होता, पण गुडघेदुखीसाठी ते मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून घेतात, हे कोणीही विचारले नाही. अशा वेदनाशामकांनी मूत्रपिंडाला आणखी इजा होऊ शकते, हे आम्हाला फार उशिरा कळले. पोटातून करायचे डायलिसिस आणि प्रत्यारोपण हे पर्याय तर आमच्यासमोर मांडलेच गेले नाहीत. मूल्यमापन करताना कृपया नातेवाइकांनाही विचारा, आणि तेही समजावून सांगणाऱ्या व्यक्तीने नव्हे, तर दुसऱ्या कोणीतरी विचारावे.