मेंदूची ॲनाटॉमी तीन आठवड्यांत: कोर्स निवडताना काय बघावं?

फिजिओ_धंतोली
फिजिओथेरपीचं दुसरं वर्ष. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे मोकळे आहेत. आकृत्या पाठ आहेत, पण सीटी स्कॅन समोर आला की काहीच ओळखू येत नाही. छोटा कोर्स कोणता घेऊ?

आडवा_छेद
नाव बघू नका. खरा मेंदू तिन्ही दिशांनी कापून दाखवतात का आणि त्याच पातळीचा स्कॅन शेजारी ठेवतात का, ते बघा. नुसत्या रंगीत चित्रांवर पैसे घालवू नका जी. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ड्यूक विद्यापीठाच्या ‘मेडिकल न्यूरोसायन्स’मध्ये खरे मेंदू हाताळून दाखवलेत. कोर्स लांबलचक आहे, तुम्ही फक्त रचनेचे धडे घ्या.

सुरुवात इंटर्नल कॅप्सूलपासून करा, म्हणजे मेंदूच्या खोल भागातला पांढऱ्या तंतूंचा पट्टा. आडव्या छेदात दोन्हीकडे एकेक ‘व्ही’ दिसतो, टोक मधल्या रेषेकडे. पुढच्या फाट्याच्या आतल्या अंगाला कॉडेटचं डोकं, मागच्या फाट्याच्या आत थॅलॅमस, दोघांच्या बाहेर लेंटिफॉर्म; हे तिन्ही राखाडी पेशींचे गठ्ठे. हालचालीचे तंतू मागच्या फाट्यातून दाटीवाटीने उतरतात. म्हणून तिथला शेंगदाण्याएवढा इन्फार्क्टही (रक्त न मिळाल्याने मेलेला भाग) विरुद्ध बाजूचा हात आणि पाय दोन्ही लुळे करू शकतो. तुमच्या पेशंटांत हेच रोज दिसणार. आणि स्कॅन पायांकडून बघितल्यासारखा असतो, त्यामुळे चित्राची डावी बाजू ही पेशंटची उजवी.

भेजा_आणि_सुरी
सोबत बकऱ्याचा भेजा कापाच, पण कॉलेजच्या लॅबमध्ये. भेजा घट्ट करायला लागणाऱ्या फॉर्मलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, घरी नको. खाटकाला आधीच सांगा, डोकं मधोमध फोडू नका. मे महिन्यात बर्फावर ठेवून आणा, पण गोठवू नका. बर्फाचे स्फटिक ऊती फाडतात. 100 मिली बाजारी फॉर्मलिन आणि 900 मिली पाणी, एका भेज्याला एवढं लागतंच. कमी घेतलं तर वरून घट्ट आणि आत लगदा. बुडाला टेकला तर चपटा होतो, म्हणून खालच्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून उलटा टांगा. बारा दिवसांनी रात्रभर पाण्यात ठेवा, आवरणं सोलून काढा, मग लांब पात्याच्या सुरीने एका ओढीत 1 सेंटिमीटरचे काप. करवतीसारखं पुढे-मागे केलं की काप फाटलाच.

आडवा_छेद
रक्तवाहिन्या मात्र त्यावर शिकू नका. बकऱ्यात इंटर्नल कॅरोटिडच्या (मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीच्या) जागी बारीक धमन्यांचं जाळं असतं. वासाचे घ्राणकंदही माणसापेक्षा खूप मोठे.

फिजिओ_धंतोली
माणसाचा मेंदू कुठे बघायला मिळेल?

भेजा_आणि_सुरी
आपल्या नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो, एम्स, तिन्हीकडे ॲनाटॉमी विभाग आहे. प्राचार्यांचं पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटा आणि आडवे काप दाखवायची विनंती करा. स्कॅनचे प्रिंट सोबत न्या.