तिसापर्यंतचे पाढे हवेत की भागाकार समजायला हवा?

बेळगावची शिक्षिका
तिसरी-चौथीच्या पालकांना थेट विचारते. 30 पर्यंतचे पाढे घोकून घ्यायचा हट्ट आपण सोडायचा का? माझ्या मते सोडावा. 10 पर्यंतचे पक्के हवेतच, त्यात सूट नाही. पण पुढचा वेळ भागाकाराला द्या.

एकोणतीसचा पाढा धडाधड म्हणणारं मूल 618 भागिले 6 चं उत्तर 13 लिहितं. 1 ला 6 चा भाग जात नाही, म्हणून तिथे शून्य मांडायचं, हे राहून जातं. तो 1 म्हणजे एक दशक, हे त्याला दिसतच नाही. आणि 13 आल्यावर शंकाही येत नाही! सहाशेचे सहा वाटे केले तर प्रत्येकाला शंभर तरी यायला हवेत की नाही?

निपाणीचा पालक
बाई, पटलं नाही. शून्य राहिलं यात पाढ्यांचा काय दोष? पाढे येत नसतील तर मुलाचं सगळं लक्ष ‘सात आठे किती’ यातच अडकतं, भागाकाराची रीत डोक्यात शिरायला जागा उरत नाही. माझे वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीडचे पाढे, सगळं तोंडपाठ. साडेतीन मणाचा भाव विचारा, औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तयार. पाठांतराचं वय हेच आहे, ते गेलं की गेलं. 17 ने भागायचं आलं तर तुमची मुलं काय करणार?

बेळगावची शिक्षिका
408 भागिले 17 घ्या. 17 दाहे 170, त्याची दुप्पट 340, म्हणजे 20 वेळा. उरले 68. 17 ची दुप्पट 34, 34 ची दुप्पट 68, म्हणजे आणखी चार वेळा. उत्तर 24. सतराचा पाढा न म्हणता झालं. संख्या फोडून गुणणं आपल्याकडे जुनंच आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त 135 गुणिले 12 करताना 12 चे 8 आणि 4 केले आहेत: 1080 अधिक 540, 1620.

खानापूरचे निवृत्त गुरुजी
आमच्या भागातली खरी अडचण वेगळी आहे. घरी आजी मराठीत पाढे म्हणून घेते, कन्नड शाळेत मग्गी, शिकवणीला इंग्रजीत टेबल्स. मूल तिन्हीकडे अर्धवट. एक भाषा धरा आणि 10 पर्यंत तिच्यातच पक्कं करा, मग शाळा कुठलीही असू दे.

आणखी एक. भागाकार वहीत यायच्या आधी हातात येऊ दे. 20 लाडू चौघांत वाटणं वेगळं, 20 लाडवांच्या चार-चारच्या पुड्या बांधणं वेगळं. उत्तर दोन्हीकडे 5, पण एकदा ते लाडू असतात, एकदा पुड्या. शाब्दिक उदाहरणात मुलं नेमकी इथेच अडतात.

हुक्केरीची आई
गुरुजी, भागाकारात उरणाऱ्या बाकीचंही तसंच. सहलीला 50 मुलं, एका गाडीत 12. माझ्या मुलीने ‘भागाकार 4, बाकी 2’ लिहून वही मिटली. त्या दोघांना कोण नेणार, असं विचारल्यावर पाचवी गाडी आली. बाईंशी सहमत.

निपाणीचा पालक
लाडवाचं पटलं, घरी करून बघतो. पण 20 पर्यंत पाढे मी घेणारच. 17 आठे 136 जिभेवर असेल तर फोडाफोडीत वेळ का घालवायचा? परीक्षेत घड्याळ थांबत नाही, बाई.

बेळगावची शिक्षिका
20 पर्यंत घ्या, काका, माझी ना नाही. फक्त म्हणून झाल्यावर एकदा विचारा, 17 आठे 136, तर 17 नव्वे किती? पहिल्यापासून म्हणायला लागला, तर तिथेच थांबून 136 त 17 मिळवायला सांगा.