‘रिटॅलिएशन’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दखूळ: अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली कामगार संघटनेवरही वंशभेदाचा दावा लावता येतो आणि तक्रार केली म्हणून संघटनेने सभासदाला त्रास दिला, तर त्यासाठी वेगळा दावा करता येतो. या दुसऱ्या दाव्याला इंग्रजीत ‘रिटॅलिएशन’ म्हणतात. अनुवादात मी त्याला ‘सूड’ म्हटले, संपादकांनी ते खोडून ‘प्रतिशोध’ केले. मला दोन्ही खटकतात, कारण सूड घेणाऱ्याचे आधी कोणीतरी वाईट केलेले असते. येथे कामगाराने केवळ आपला हक्क बजावलेला असतो.

जुना प्रतिनिधी: ‘प्रतिशोध’ हिंदी मालिकांना लखलाभ असो. आमच्या कारखान्यात ‘आकसाने बदली केली’ असेच बोलत आणि अर्जातही तसेच लिहीत. अरबी ‘अक्स’ म्हणजे उलट. आकस त्यावरूनच आला असावा.

काथ्याकूट: व्युत्पत्ती गोड आहे, पण भावकीतला आकस तक्रारीवाचूनही पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तक्रार केली म्हणूनच त्रास झाला, हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ‘तक्रारीचा राग काढणे’ यात तो संबंध नेमका येतो, मग शुद्धिवाद्यांना तो घरगुती वाटला तरी चालेल.

तळटीप: मला ‘वंशभेद’च अपुरा वाटतो. अमेरिकेतल्या १९४४च्या ‘स्टील’ नावाच्या कामगाराच्या खटल्यात रेल्वेच्या फायरमनांची, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्यांची, संघटना कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नसे, तरीही कायद्याने त्यांच्या वतीने करार तीच करी आणि त्या करारांतूनच त्यांना इंजिनावरून हटवू पाहत होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनेला बजावले की, ज्यांच्या वतीने बोलता त्या सर्वांचे हित निःपक्षपातीपणे पाहावे लागेल. भेद कातडीच्या रंगावरून होता, तेव्हा ‘वर्णभेद’ म्हणावे.

काथ्याकूट: ‘वर्ण’ म्हटले की आपल्याकडे चातुर्वर्ण्य आठवते.

जुना प्रतिनिधी: आठवू द्या की! मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातून) सूत तोंडाने ओढावे लागे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे मांडला होता. संघटना म्हटली की ती अन्याय झालेल्यांच्याच बाजूची, असे आपण उगीच धरून चालतो.

शब्दखूळ: सर्व पटले, परंतु माझा शब्द राहिला. तूर्त ‘तक्रारीपोटी छळ’ असे लिहून पाठवते आहे.

तळटीप: ‘भाड्यापोटी’ रक्कम देतात, म्हणजे भाड्याखातर. तक्रारीखातर छळ कसा होईल?

जुना प्रतिनिधी: आणि ‘द्वेषापोटी’ काय करतात?