अंटार्क्टिकाच्या स्लाईड्स बघून नाशिकची पोरं कणखर होणार का?

गंगापूररोडकर
मुलगी आठवीत आहे. परवा शाळेत ध्रुवावर जाऊन आलेल्या एका एक्सप्लोररचं भाषण झालं. बर्फाचे फोटो, तंबू, थंडीने काळी पडलेली बोटं आणि शेवटी निसर्ग जपा, हार मानू नका वगैरे. पोरगी भारावून घरी आली, आनंद आहे, पण ह्याच शाळेने पावसाळ्यातली अंजनेरीची ट्रिप "रिस्क नको" म्हणून रद्द केली होती! म्हणजे धाडस फक्त ऐकायचं, तेही खुर्चीत बसून. अंजनेरीला नेलं असतं तर कंदीलपुष्प दाखवता आलं असतं, सेरोपेजिया अंजनेरिका, त्या डोंगराचंच नाव मिळालेली वनस्पती, शिवाय तिथे कड्यांवर गिधाडं आहेत, आपल्या घरापासून तासाभरावर, आणि पोरांना पेंग्विनची नावं पाठ. माझं सरळ मत, असली भाषणं बंद करा.

पंचवटीचे_सर
बंद का करायची? मी शिक्षक आहे म्हणून सांगतो, ट्रिप रद्द होते त्यात निम्मा वाटा पालकांचा असतो, संमतीपत्रं परत येतच नाहीत आणि आली तरी सोबत वीस फोन, सर मोबाईलला रेंज असेल ना, सर पाऊस आला तर. भाषणाचं म्हणाल तर सगळ्यांवर परिणाम होत नाही, मान्य. पण आमच्याकडे असाच एक पाहुणा आला तेव्हा मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, तिकडे संडासला कुठे जाता? सगळा हॉल हसला आणि मग पाहुण्यांनी नीट सांगितलं की घाणसुद्धा बांधून परत आणावी लागते, तिथे टाकून यायची नाही. कचऱ्यावरचे माझे वर्षभराचे तास एका बाजूला आणि ती पाच मिनिटं एका बाजूला.
आणि नागपुरात जन्मलेल्या शास्त्रज्ञ अदिती पंत 1983 मध्ये अंटार्क्टिकाला गेल्या, त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता ह्या भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या महिला. हे आठवीतल्या मुलीला कळायला नको?

सुरगाण्याचा
सर, राग मानू नका. आमच्याकडे धो धो पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलला विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरावं लागतं. पोरी शाळेच्या आधी डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतात. त्यांना कोणी हॉलमध्ये बोलवून "तुमचा अनुभव सांगा" म्हटलं का कधी? शहरातल्या पोरांना कणखरपणा शिकवायला बर्फातला माणूस लागतो, पेठ-सुरगाण्याचा चालत नाही. बरं, आमच्या पोरींचं कौतुक करू नका, पाणी द्या, हे पण सांगून ठेवतो. नाहीतर उद्या त्यांचीच स्लाईड कराल.

गंगापूररोडकर
@सुरगाण्याचा शेवटचं वाक्य लागलं दादा. हेच म्हणायचं होतं, कष्ट स्क्रीनवर आले की छान दिसतात.

ट्रेकवेडी_सातपूर
मला भाषणं आवडतात पण "हार मानू नका" हे पालुपद डोक्यात जातं. डोंगरात हाच सल्ला जीव घेतो. ध्रुवावर मोहिमा काढणारा शॅकल्टन 1909 मध्ये दक्षिण ध्रुव जेमतेम 180 किमी राहिला असताना परत फिरला, कारण अन्न पुरणार नव्हतं. पुढे 1915 मध्ये त्याचं एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडलं तरी जहाजावरचे 28 च्या 28 जण वाचले. शाळेत सांगायची गोष्ट ही आहे, मागे कधी फिरायचं. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर पावसात रविवारी जी चेंगराचेंगरी चालते तिथे एक जण "आज नको, परत जाऊ" म्हणत नाही, सगळ्यांना रील पाहिजे.

सिडकोचा_आगाऊ
28 वाचले ही अर्धी गोष्ट ताई. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी रॉस समुद्राच्या बाजूने शॅकल्टनसाठी अन्नाचे साठे लावत होती, त्यातले तीन जण मेले. आणि ज्याच्यासाठी साठे लावले तो त्या वाटेवर पोचलाच नाही. हे कुठल्या भाषणात येतं का? यशस्वी माणूसच बोलवायचा, मग पोरांना वाटतं मेहनत केली की होतंच.

ट्रेकवेडी_सातपूर
बरोबर आहे, पण म्हणून अभिलाष टॉमीसारखी माणसं बोलवायची. तेव्हा नौदलात असलेला माणूस, 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारायच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा, हलता येईना, बाहेरून मदत आली म्हणून वाचला. पुढच्या शर्यतीत परत उतरला आणि 2023 मध्ये दुसरा आला. त्यात मदत मागणं पण आहे, ते आपण पोरांना कधी शिकवतो?

पंचवटीचे_सर
वाद चालू द्या, मी माझं बघतो. पुढचा पाहुणा हॉलमध्ये नाही, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, मागे गाळ साचत गेला आणि पाणथळ तयार झालं, 2020 मध्ये जाहीर झालेली महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. थंडीत पक्षी येतात तेव्हा पहाटे चापडगावला पोचायचं म्हणजे बस चारला सुटणार. @गंगापूररोडकर संमतीपत्र पाठवू का?

गंगापूररोडकर
पाठवा. पण पहाटे चारला धुकं असतं सर, बस जरा उशिरा नाही का सोडता येणार?

सिडकोचा_आगाऊ
😂😂 झालं सुरू

सुरगाण्याचा
आमच्या शाळेतली पाच-सहा पोरं त्या बसमध्ये बसवाल का सर? नाशिकपर्यंत आदल्या दिवशी आणायचं मी बघतो, एक रात्र मुक्कामाची सोय लागेल फक्त.