रेयुनियन ते न्यू कॅलेडोनिया: पॅरिसहून चालणारा कारभार तिथल्या लोकांच्या भल्याचा आहे का?

दर्यावर्दी

मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातल्या, पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियात दंगली पेटल्या, माणसं मेली, पॅरिसने आणीबाणी लावली आणि टिकटॉकसुद्धा बंद केलं. आपल्याकडे बातमी आली ती एवढीच. त्यामागचा कारभार कसा चालतो यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

युरोपाबाहेर आजही जवळपास २८ लाख लोक फ्रेंच झेंड्याखाली राहतात. कॅरिबियनमधले ग्वादलूप आणि मार्टिनिक, दक्षिण अमेरिकेतला फ्रेंच गयाना, हिंद महासागरातले रेयुनियन आणि मायोत हे पाच प्रदेश फ्रान्सच्या राज्यघटनेच्या कलम ७३ खाली येतात. म्हणजे पॅरिसचा कायदा तिथे आपोआप लागू. फ्रेंच पॉलिनेशियासारखे प्रदेश कलम ७४ खाली येतात. त्यांची स्वतःची विधानसभा आहे, स्वतःचे कर आहेत. न्यू कॅलेडोनियासाठी घटनेत वेगळं प्रकरणच आहे. पण पोलीस, न्यायालय, लष्कर, परराष्ट्र धोरण सगळीकडे पॅरिसचं, आणि पॅरिसने नेमलेला प्रतिनिधी (कुठे प्रीफे, कुठे उच्चायुक्त) सगळीकडे आहे. ५७७ खासदारांच्या सभागृहात या सगळ्यांचे मिळून २७ खासदार.

माझं मत स्पष्ट सांगतो. या लोकांना मत मिळालं, पासपोर्ट मिळाला, पण त्यांच्या आयुष्याचे मोठे निर्णय दुसरीकडेच होत राहिले. १९४६ च्या कायद्याने चार जुन्या वसाहती डिपार्टमेंट, म्हणजे मुख्य फ्रान्समधल्या जिल्ह्यांच्या दर्जाच्या झाल्या. तो कायदा संसदेत मांडणारे एमे सेझेर स्वतः मार्टिनिकचे. त्यांना समान हक्क हवे होते. किमान वेतन फ्रान्सच्या मुख्य भूमीइतकं व्हायला १९९६ उजाडलं, म्हणजे पन्नास वर्षं! सेझेर स्वतः त्याच्या कितीतरी आधी स्वायत्ततेची मागणी करायला लागले होते.

रेयुनियनचं उदाहरण घ्या. १९६० चा एक अध्यादेश होता. सरकारी नोकर सार्वजनिक शांतता बिघडवतो असं प्रीफेला वाटलं की त्याला उचलून मुख्य भूमीवर पाठवायचं. तो १९७२ पर्यंत लागू होता. त्याच सुमारास, १९६२ ते १९८४ या काळात, रेयुनियनमधून दोन हजारांहून जास्त मुलं फ्रान्सच्या ओस पडत चाललेल्या खेड्यांत, क्रूझसारख्या जिल्ह्यांत नेऊन सोडली. त्यातली कितीतरी अनाथ नव्हती. आईबापांना सांगितलं होतं, शिकतील, मोठी होतील, सुट्टीत घरी येतील. आली नाहीत. काहींच्या वाट्याला शेतावर फुकट राबणं आलं. फ्रेंच संसदेने राज्याची नैतिक जबाबदारी मान्य केली ती २०१४ साली. स्थानिक सरकारच्या हातात अधिकार असते तर एखाद्या बेटाने आपली पोरं अशी पाठवली असती का?

निळी शाई

पूर्ण असहमत. क्रूझच्या मुलांबद्दल दुमत असूच शकत नाही, ते पाप आहे. पण त्यावरून आजच्या व्यवस्थेवर निकाल देता येत नाही. तिथल्या लोकांनी वेळोवेळी काय मत दिलंय ते तुम्ही लिहिलंच नाही.

कोमोरोस १९७५ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच द्वीपसमूहातल्या मायोतने १९७४ ला आणि पुन्हा १९७६ ला फ्रान्ससोबत राहायचं ठरवलं. २००९ मध्ये डिपार्टमेंट व्हायचं का, असं विचारलं तेव्हा ९५ टक्के लोक हो म्हणाले. तिकडे कोमोरोसमध्ये एकामागून एक सत्तापालट झाले. आज अंजुआन बेटावरून क्वासा नावाच्या लहान होड्यांत दाटीवाटीने बसून, सुमारे सत्तर किलोमीटरचा समुद्र ओलांडून लोक मायोतला येतात. वाटेत बुडून मरतात, तरी येतात. बाळंतपणासाठी बायका येतात. ज्या कारभाराला तुम्ही जुलमी ठरवताय, त्याच्या दारात माणसं जीव धोक्यात घालून का उभी राहतात?

मार्टिनिक आणि गयानाला २०१० मध्ये सरळ विचारलं होतं, कलम ७४ ची जास्त स्वायत्तता हवी का? मार्टिनिकमध्ये ७९ टक्के आणि गयानात ७० टक्के लोक नको म्हणाले. स्वायत्तता लोकांनीच नाकारली असताना आपण पुण्यामुंबईत बसून ती त्यांच्या गळ्यात घालणार का?

रावेरकर

आम्ही केळीवाले, त्यामुळे मार्टिनिकचं नाव मला वेगळ्या कारणाने माहीत आहे. क्लोरडेकोन.

केळीचा कंद पोखरणारी सोंडकीड असते. तिच्यासाठी ग्वादलूप आणि मार्टिनिकच्या बागांत १९७२ पासून हे औषध बुंध्याशी टाकत. १९७५ मध्ये अमेरिकेत हे बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार थरथर कापायला लागले, त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम झाला, कारखाना बंद पडला. म्हणजे विष आहे हे तेव्हाच कळलं होतं. फ्रान्सने बंदी घातली १९९० ला. आणि बंदीनंतरही बेटांवरच्या केळीसाठी खास सवलत देऊन १९९३ पर्यंत वापर चालूच ठेवला.

ज्यांनी शेती केलीय त्यांना पुढचं सांगायला नको. हे औषध मातीत विरत नाही, पिढ्यान् पिढ्या राहतं. केळं झाडावर उंच लागतं, त्यात ते फारसं येत नाही, म्हणून युरोपला जाणारा माल बिनधोक राहिला. पण रताळी, कोनफळासारखे कंद मातीतच वाढतात, ते शोषून घेतात. माणसाच्या परसातलं खाणं बिघडलं, ओढ्यातून समुद्रात गेलं, किनाऱ्याजवळच्या मासेमारीवर बंदी आली. दोन्ही बेटांवरच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात ते सापडतं. २०२३ मध्ये पॅरिसच्या न्यायाधीशांनी फौजदारी खटला कुणावरही आरोप न ठेवता बंद केला.

निळी शाई, तुमचे मतदानाचे आकडे बरोबर असतील. पण ही सवलत देताना कुणी मत विचारलं होतं?

निळी शाई

रावेरकर, याचा बचाव मी करणार नाही. फक्त एवढंच की सवलत मागणाऱ्यांत बेटांवरचे मोठे बागायतदार आघाडीवर होते आणि तिथल्या काही लोकप्रतिनिधींचाही त्यांना पाठिंबा होता. अधिकार मार्टिनिकच्या राजधानीला, फोर-द-फ्रान्सला असते तर हाच दबाव तिथल्या सरकारवर आला असता. तो तिथे टिकला नसता याची खात्री मला नाही.

मांडवीकाठ

गोव्याच्या माणसाला हा सगळा युक्तिवाद ओळखीचा वाटतो. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलली आणि गोवा वसाहत नसून सागरापारचा प्रांत आहे असं जाहीर केलं. लिस्बनच्या सभागृहात गोव्याचे प्रतिनिधी बसत. संयुक्त राष्ट्रांनी माहिती मागितली की उत्तर एकच, आमच्याकडे वसाहतीच नाहीत. शेवटी डिसेंबर १९६० मध्ये महासभेने ठराव करून गोव्यासह पोर्तुगालचे प्रदेश स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले, आणि वर्षभरात गोवा मुक्त झाला.

फ्रान्सनेही तेच केलं. १९४७ नंतर न्यू कॅलेडोनिया आणि पॉलिनेशियाचे अहवाल देणं बंद. न्यू कॅलेडोनिया पुन्हा यादीत आला १९८६ ला, पॉलिनेशिया २०१३ ला. मधल्या काळात पॉलिनेशियातल्या मुरुरोआ आणि फांगातौफा या प्रवाळबेटांवर १९३ अणुस्फोट चाचण्या उरकून झाल्या होत्या, १९६६ ते १९९६. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर एकही नाही.

निळी शाई

मांडवीकाठ ताई, सालाझारचा पोर्तुगाल हुकूमशाही होता. तिथे मुक्त मतदान, मुक्त वृत्तपत्र, काहीच नव्हतं. मायोत किंवा मार्टिनिकची तुलना त्याच्याशी करणं अन्यायाचं आहे. आणि भारताचंच उदाहरण द्यायचं तर पुदुच्चेरीचं द्या. ऑक्टोबर १९५४ मध्ये किळूरला १७८ प्रतिनिधी जमले, १७० जणांनी भारतात विलीन व्हायचं ठरवलं आणि १ नोव्हेंबरला फ्रान्सने कारभार सोपवला. युद्ध न होता. पॉलिनेशियात २०२३ मध्ये स्वातंत्र्यवादी पक्षाचाच अध्यक्ष आला, निवडणूक जिंकून. सालाझारच्या गोव्यात हे शक्य होतं?

दर्यावर्दी

पुदुच्चेरी सोडली, पण कधी? व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू पडल्यानंतर सहा महिन्यांत. आणि अल्जीरिया विसरू नका, तीही कायद्याने फ्रान्सची डिपार्टमेंटच होती. आठ वर्षांचं युद्ध झालं तेव्हा १९६२ मध्ये सुटली.

आता मतदानावर येतो. १९९८ च्या नूमेआ (तिथली राजधानी) कराराने न्यू कॅलेडोनियाला तीन सार्वमतं दिली. २०१८ ला स्वातंत्र्याविरुद्ध ५६.७ टक्के, २०२० ला ५३.३ टक्के. अंतर कमी होत होतं. तिसरं सार्वमत आलं तेव्हा कोविडने कनाक या मूळ रहिवाशांच्या समाजात घरोघरी मृत्यू झाले होते. त्यांच्या रिवाजात सुतकाचा काळ मोठा असतो, त्यात प्रचार करायचा कसा? त्यांनी तारीख पुढे ढकला अशी विनंती केली. पॅरिसने १२ डिसेंबर २०२१ हीच तारीख कायम ठेवली. कनाकांनी बहिष्कार घातला, मतदान ४४ टक्क्यांच्या आसपास आलं आणि ९६.५ टक्क्यांनी 'नको' जिंकलं. पॅरिस म्हणालं, विषय संपला. निळी शाई, तुम्ही ज्या लोकांच्या कौलाबद्दल बोलताय त्याची तारीख कोण ठरवतं, हाच माझा धागा आहे.

हिशेबनीस

दोन्ही बाजू झेंड्यावर अडकल्यात. मला बाजारहाटाचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो.

मार्टिनिकमध्ये खाण्यापिण्याच्या वस्तू मुख्य फ्रान्सपेक्षा सुमारे ४० टक्के महाग आहेत. माल फ्रान्सच्या ल आव्ह्र बंदरातून कंटेनरने अटलांटिक ओलांडतो. आयातदार, घाऊक व्यापारी, मोठी दुकानं, बऱ्याचदा हे सगळे एकाच गटाचे. वर ऑक्त्रुआ द मेर हा बंदरावरचा कर, आपल्याकडच्या जुन्या जकातीसारखा. तो काढावा तर नगरपालिकांचं उत्पन्न बुडतं. सरकारी नोकरांना महागाईपोटी ४० टक्के जादा पगार मिळतो, खासगी नोकरीतल्याला आणि बेकाराला नाही. २००९ ला ग्वादलूप ४४ दिवस बंद होतं ते याच कारणावरून. २०२४ ला मार्टिनिक पुन्हा पेटलं.

शेजाऱ्याकडून घ्यावं म्हटलं तर तेही सोपं नाही, कारण युरोपची मानकं आडवी येतात. गयाना आणि ब्राझील यांच्यामध्ये ओयापोक नदीवर पूल २०११ मध्ये बांधून झाला. वाहनांना खुला झाला २०१७ मध्ये. सहा वर्षं पूल तसाच उभा! त्याच गयानातल्या कुरू अवकाशतळावरून आपल्या इस्रोचे उपग्रह १९८१ च्या ॲपलपासून उडत आलेत. जगातला अव्वल तळ तिथे आहे आणि नद्यांकाठच्या वस्त्यांत नळाचं पाणी नाही. २०१७ च्या संपात लोकांनी अवकाशतळच अडवला, रॉकेटचं उड्डाण लांबलं, तेव्हा पॅरिसहून मंत्री धावले.

आणि मायोत. डिपार्टमेंट झाल्यावरही तिथे किमान उत्पन्नाचा भत्ता मुख्य भूमीच्या निम्माच ठेवला. ९५ टक्के लोकांनी मत दिलं ते निम्म्या भत्त्याला नव्हे.

निळी शाई

हिशेबनीस यांच्याशी बऱ्यापैकी सहमत. मायोतला सगळे भत्ते पूर्ण मिळायला हवेत, आजच.

पण दर्यावर्दी, न्यू कॅलेडोनियाची दुसरी बाजूही लिहा. २००७ पासून प्रांतिक निवडणुकीची मतदारयादी गोठवली आहे. १९९८ नंतर आलेल्यांना तिथे मत नाही. २०२४ मध्ये साधारण पाचवा हिस्सा मतदार बाहेर होते. पंचवीस वर्षं तिथे कर भरणारी शिक्षिका किंवा नर्स आपल्या प्रांताचा सदस्य निवडू शकत नाही. २०२४ ची घटनादुरुस्ती दहा वर्षं राहिलेल्यांना मत द्यायची होती. लोकशाहीत ही मागणी अवास्तव कशी?

दर्यावर्दी

त्या नर्सची मागणी एकटीपुरती पाहिली तर रास्त आहे, मान्य. पण यादी गोठवली का, ते बघा. जुलै १९७२ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी पत्र लिहून धोरण सांगितलं होतं, की मुख्य भूमीवरून आणि इतर सागरापारच्या प्रदेशांतून मोठ्या संख्येने लोक न्यू कॅलेडोनियात वसवले तर मूळ रहिवाशांची राष्ट्रवादी मागणी टाळता येईल. १८५३ पासून ज्यांची जमीन गेली ते कनाक २०१९ च्या जनगणनेत तिथे ४१ टक्क्यांच्या आसपास होते. गोठवलेली यादी ही त्या धोरणाविरुद्ध त्यांना करारात मिळालेली महत्त्वाची हमी होती. ती पॅरिसच्या संसदेने त्यांच्या संमतीशिवाय काढायला घेतली. दंगल झाली, दुरुस्ती मागे घ्यावी लागली, आणि जून २०२४ मध्ये सात कनाक कार्यकर्ते विमानात बसवून १७ हजार किलोमीटरवरच्या तुरुंगांत नेले. त्या नर्सला मत मिळावं असं मलाही वाटतं. पण ते कधी आणि कोणत्या अटींवर, हे नूमेआत कनाकांसोबत बसून ठरायला हवं.