नोम, १९२५: डॉक्टर म्हणाले थांबा, गाडी थांबली नाही. बरोबर कोण?

गोगलगाय

बाल्टो मोठा की टोगो मोठा (त्या प्रवासातले दोन नावाजलेले म्होरके कुत्रे, पहिला कासेनचा, दुसरा सेपालाचा), यावर आजवर भरपूर भांडून झालंय. त्यात मला पडायचं नाही. त्या शेवटच्या रात्री डॉक्टरांनी दिलेला निरोप बरोबर होता असं माझं मत आहे. त्यांची बाजू कुणी मांडताना दिसत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरचं नोम. जानेवारी १९२५ मध्ये तिथल्या मुलांमध्ये घटसर्प पसरायला लागला. बंदर गोठलेलं, रस्ता नाही, रेल्वे येते ती फक्त नेनानापर्यंत. गावचे डॉक्टर कर्टिस वेल्श यांच्याकडे होतं ते प्रतिविष, म्हणजे या रोगावरचं औषध, मुदत संपलेलं. अँकरेजच्या रुग्णालयात ३ लाख युनिट सापडले, ते रेल्वेनं नेनानाला आले आणि तिथून पुढे साधारण १,०८५ किलोमीटर कुत्र्यांच्या बर्फगाड्यांनी न्यायचं ठरलं. टपालाच्या गाडीला या वाटेवर एरवी पंचवीसेक दिवस लागत. वेल्श यांचा अंदाज असा की वाटेतल्या थंडीत हे औषध सहा दिवसांपेक्षा जास्त टिकणार नाही. २० चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्रे, असा टप्प्याटप्प्यानं प्रवास झाला आणि २ फेब्रुवारीला पहाटे साडेपाचला औषध नोमला पोचलं. म्हणजे सुमारे १२७.५ तास.

आता मुद्दा. १ फेब्रुवारीला किनाऱ्यावर भयानक वादळ होतं. वाऱ्याचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या घरात. तेव्हा वेल्श यांनी निरोप पाठवला की वादळ ओसरेपर्यंत थांबा. औषध उशिरा आलं तरी चालेल, हरवलं तर संपलंच. सॉलोमन आणि पॉइंट सेफ्टी या ठाण्यांवर निरोप पोचला आणि मग तारा बंद पडल्या. शेवटून दुसरा चालक गुन्नार कासेन वादळात सॉलोमनच्या पुढे निघून गेला. तीनेक किलोमीटर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा तो मागे न वळता तसाच पुढे गेला. वाटेत गाडी उलटली, औषधाची पेटी बर्फात पडली. मिट्ट काळोखात उघड्या हातांनी चाचपत त्यानं ती शोधली.

ती सापडली नसती तर? शंभर वर्षं आपण या माणसाला वीर म्हणतोय, कारण पेटी सापडली. बस.

धूमकेतू

आरामखुर्चीत बसून "थांबायला हवं होतं" म्हणणं सोपं असतं हो गोगलगाय. तिकडे मुलं गुदमरून मरत होती.

आणि एक गोष्ट तुम्ही सोयीनं गाळलीत. कासेन काही आंधळेपणानं सुटला नव्हता. सॉलोमनच्या अलीकडच्या ब्लफ ठाण्यावर त्याच्या हाती औषध आलं संध्याकाळी सातला. रात्री दहापर्यंत तो थांबला, वारा पडेल म्हणून वाट पाहिली. वारा पडायच्या ऐवजी वाढत गेला. आणखी थांबलो तर भुसभुशीत बर्फाचे ढीग साचून वाटच बुजेल, हे ओळखून तो निघाला. म्हणजे थांबण्याचा पर्याय त्यानं तपासून बघितला होता. जागेवर उभा असलेला माणूस जास्त जाणतो की वादळाच्या पलीकडे गावात बसलेला डॉक्टर?

नाडीपरीक्षा

वैद्यकाच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण "उशीर झाला तरी चालेल" हे वाक्य घटसर्पाच्या बाबतीत फार जपून वापरावं लागतं.

या रोगात जंतू घशात राहतात, पण घात करतं त्यांचं विष. घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो, तेवढं डोळ्याला दिसतं. न दिसणारं नुकसान हृदयाचं आणि मज्जातंतूंचं. प्रतिविष रक्तात मोकळं फिरणारं विष निकामी करतं. पेशीत एकदा शिरलेल्या विषाचं ते काही करू शकत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी दिलेला डोस आणि चौथ्या दिवशी दिलेला डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक. आजारी मुलाच्या दृष्टीनं बारा तास म्हणजे "थोडा उशीर" नव्हे.

पण हे सगळं वेल्श यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. समोर कोणतं मूल कितव्या दिवसावर आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी थांबा म्हटलं. त्याचं वजन धूमकेतू यांनी लक्षात घ्यावं. हा गावात बसून कागदावर काढलेला हुकूम नव्हता. रोज त्या घरांत जाणाऱ्या माणसाचा निर्णय होता.

गोगलगाय

नाडीपरीक्षा, नेमकं हेच.

शिवाय घड्याळ मांडून बघा. औषध नेनानाहून निघालं २७ जानेवारीच्या रात्री. सहा दिवस धरले तर मुदत २ फेब्रुवारीच्या रात्रीपर्यंत. कासेन पोचला पहाटे साडेपाचला. म्हणजे हातात पंधरा तास शिल्लक होते. सॉलोमनला थांबून सकाळी निघाला असता तरी औषध मुदतीत पोचलं असतं. वारा पहाटेकडे कमी व्हायला लागलाच होता. मग ते पंधरा तास वाचवण्यासाठी काय पणाला लावलं? अख्खा साठा. सिॲटलहून दुसरा मोठा साठा निघालेला होता हे खरं, पण तो नोमला पोचला १५ फेब्रुवारीला. पहिली पेटी बर्फात गेली असती तर मधले दोन आठवडे गावाच्या हातात काहीच नव्हतं.

धूमकेतू

"वारा पहाटेकडे कमी व्हायला लागलाच होता." हे तुम्हाला आज माहीत आहे! त्या रात्री दहाला कासेनला कुणी सांगितलं होतं? किनाऱ्यावरची अशी वादळं दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतात. तसं झालं असतं तर तुमचे पंधरा तास कधीच संपले असते आणि आज तुम्हीच लिहिलं असतं की भित्रा चालक सॉलोमनला शेकोटीपाशी बसून राहिला.

तुमचाच नियम तुम्हाला लावतो. निकाल बघून शहाणपण सांगायचं नाही ना? मग वारा पडला हा निकालही बघायचा नाही.

शंकासूर

धूमकेतूंचा हा वार बरोबर बसलाय. :)

पण मला एक विचारायचंय. तो सहा दिवसांचा आकडा तरी कितपत पक्का होता? माझ्या वाचनात आहे की नोमला पोचलं तेव्हा औषध गोठलेलं होतं, ते वितळवून घेतलं, दुपारपर्यंत वापरायला तयार झालं आणि त्यानं काम केलं. एकही कुपी फुटली नव्हती. मग मुदतीवर एवढी गणितं मांडण्यात काय हशील?

नाडीपरीक्षा

आकडा अंदाजाचाच होता. पण निर्णय घेताना हातात जो अंदाज असतो त्यावरच घ्यावा लागतो. गोठूनही टिकलं हे नंतर कळलं. वाटेतले चालक तर ठाण्याठाण्यावर थांबून पेटी शेकत होते, गोठू नये म्हणून. त्यात प्रत्येक वेळी वेळ जातच होता, आणि तो सगळ्यांनी मुकाट्यानं घालवला. म्हणजे "घाई" हा या प्रवासाचा एकमेव नियम कधीच नव्हता.

उत्तरवारा

सगळे शेवटच्या ८५ किलोमीटरवर अडकलात. खरा प्रश्न त्याच्या आदल्या दिवशीचा आहे आणि तो जास्त अवघड आहे.

नॉर्टन साउंड म्हणजे समुद्राचा आत घुसलेला मोठा फाटा. हिवाळ्यात वरचा थर गोठतो, पण खाली समुद्रच. वारा जमिनीवरून समुद्राकडे फिरला की बर्फ तुटून तुकडे बाहेर वाहून जातात. त्यावर असलेला माणूस गाडीसकट जातो. किनाऱ्यानं वळसा घातला तर वाट लांब, बर्फावरून सरळ गेलं तर बराच वेळ वाचतो.

मायल्स गोनांगनान या स्थानिक चालकाकडे उनालक्लीट ते शाक्तूलिक हा टप्पा होता. त्यानं वारा आणि समुद्र पाहिला आणि बर्फावरची जवळची वाट नको म्हणून टेकड्यांवरून वळसा घातला. वेळ गेला. पण औषध शाक्तूलिकला पोचलं.

त्यापुढे लिओनार्ड सेपाला. नोमहून निघून तो उलट दिशेनं २७० किलोमीटरच्या वर आला होता. आपल्यामागे चालकांची संख्या वाढवली आहे हे त्याला माहीतच नव्हतं. शाक्तूलिकच्या बाहेर हेन्री इव्हानॉफनं ओरडून थांबवलं नसतं तर दोघांची चुकामूक झाली असती. औषध घेऊन तो तिथूनच वळला आणि अंधारात, वादळ चढत असताना, साउंडच्या बर्फावरून परत गेला. म्होरक्या होता बारा वर्षांचा टोगो. पलीकडे थोडी झोप काढली आणि पुन्हा निघाला. त्यानंतर काही तासांतच तिथला बर्फ फुटला.

आता सांगा. गोनांगनान आणि सेपाला, एकाच वादळाकडे बघून दोन उलट निर्णय. दोघंही जाणते. कोण चुकला?

गोगलगाय

कुणीच चुकला नाही, पण माझी निवड गोनांगनान. त्याचा निर्णय दहा वेळा घेतला तर दहाही वेळा औषध पोचतं. सेपालाचा दहा वेळा घेतला तर किती वेळा पोचेल, मला सांगता येणार नाही, पण दहा वेळा नक्कीच नाही. शिवाय सेपालाची एकुलती एक मुलगी तेव्हा नोममध्ये होती. बापाच्या काळजावर मी बोट ठेवत नाही. पण ज्याचं मूल त्या गावात आहे त्या माणसाच्या हाती सगळ्या गावाचं औषध आणि धोक्याची निवड दोन्ही देऊ नये, असं मला वाटतं.

रानवाटा

गोगलगायताई, हे शेवटचं वाक्य मला अजिबात पटलं नाही. नोममधली आणि आसपासची प्रत्येक गाडी हाकणाऱ्याचं कुणी ना कुणी त्या भागात होतंच. परका, निर्विकार चालक आणायचा कुठून?

आणि "दहा वेळा" हे गणित खोटं आहे. सेपाला त्या साउंडवरून अनेक वर्षं ये-जा करत होता. टोगोसारखा कुत्रा बर्फ कच्चा आहे हे माणसाआधी ओळखतो. जो धोका माझ्यासाठी आत्महत्या, तो त्याच्यासाठी हिशेब. गोनांगनाननं आपल्या कुत्र्यांचा हिशेब केला, सेपालानं आपल्या. दोघांना एका तराजूत घालू नका.

शंकासूर

मला तर वाटतं की वेळ या दोघांपैकी कुणीच वाचवला नाही. वेळ वाचवला टप्प्यांनी. मूळ बेत असा होता की एक गाडी नेनानाहून, एक नोमहून, आणि मध्ये नुलाटोला गाठ. सेपाला त्यासाठीच निघाला होता. गव्हर्नर स्कॉट बोन यांनी मधे आणखी चालक लावले, रात्रंदिवस, दर पन्नासेक किलोमीटरला ताजे कुत्रे. थांबे धरून सरासरी ताशी साडेआठ किलोमीटर पडते. ती काही कुणा एकाच्या धाडसानं आलेली नाही.

आणि त्यातले बहुतेक चालक स्थानिक, बरेचसे अथाबास्कन, म्हणजे अलास्काच्या आतल्या भागातले आदिवासी. एडगर कॅलंडचे हात गाडीच्या दांड्याला असे गोठून चिकटले की सोडवायला गरम पाणी ओतावं लागलं. चार्ली इव्हान्सचे पुढचे दोन कुत्रे पडले तेव्हा त्यानं स्वतः दोर ओढत गाडी नेली. एडगर नोलनर १९९९ पर्यंत हयात होता. पुतळा मात्र बाल्टोचा, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, १९२५ च्याच डिसेंबरमध्ये.

धूमकेतू

शंकासूर, पुतळ्यांबद्दल सहमत. पण टप्पे म्हणजे सुरक्षित असं समजू नका. नेनानाहून निघालेला पहिला चालक बिल शॅनन उणे ४५ अंशांच्या आसपास रात्री निघाला होता. मिन्टोला पोचला तेव्हा चेहरा हिमदंशानं काळा पडलेला. तीन कुत्रे मागेच ठेवावे लागले. सकाळपर्यंत थांब असं त्यालाही कुणी सांगू शकलं असतं. तो टप्पा आपण "उत्तम नियोजन" म्हणायचा आणि कासेनचा टप्पा "बेजबाबदारपणा"? फरक एवढाच की शॅननच्या वेळी कुणी निरोप पाठवला नव्हता.

गोगलगाय

फरक आहे. शॅननचा धोका शॅननच्या जिवाला जास्त होता. पेटी हरवण्याची भीती कमी होती, वारा तसा नव्हता, वाट दिसत होती. कासेनला गाडीला सगळ्यात जवळ जुंपलेले कुत्रेसुद्धा दिसत नव्हते. स्वतःचा जीव पणाला लावणं आणि दुसऱ्यांचं औषध पणाला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला मी हात जोडते.

रानवाटा

मग निरोपाच्या घोळाचंही बोला ना. पॉइंट सेफ्टीला शेवटचा चालक एड रोन झोपला होता, कारण गाडी सॉलोमनला थांबली असणार असं त्याला वाटलं. कासेन पहाटे तीनच्या सुमारास तिथे पोचला तर दिवे बंद, कुत्रे जुंपलेले नाहीत. हवा सुधारतेय आणि रोनला उठवून तयारी करण्यात वेळ जाईल म्हणून तो उरलेले ४० किलोमीटरही स्वतःच गेला. म्हणजे थकलेले कुत्रे आणखी दमले ते त्या निरोपामुळे. निम्म्यांना पोचलेला हुकूम हा काहीच हुकूम नसण्यापेक्षा वाईट. वेल्श यांचा हेतू चांगला होता, पण तारा केव्हाही पडतील अशा रात्री थांबा म्हणणं म्हणजे साखळीचा एक दुवा झोपवून ठेवणं.

उत्तरवारा

यावर कासेनवर टीकाही झाली होती, की श्रेय एकट्याला मिळावं म्हणून त्यानं रोनला उठवलं नाही. मला तो आरोप पटत नाही. रात्रभर त्या वाऱ्यात असलेल्या माणसाला श्रेय सुचेल असं वाटत नाही.

गोगलगाय

रानवाटा, तुमचा मुद्दा निरोप पोचवण्याच्या व्यवस्थेवर आहे, निरोपावर नाही. तारा शाबूत असत्या, कासेन सॉलोमनला थांबला असता, रोन जागा असता, तर? मला अजून कुणी सांगितलेलं नाही की त्या परिस्थितीत वेल्श यांचं काय चुकलं असतं.

धूमकेतू

सांगतो की. सॉलोमनला थांबलेला कासेन सकाळी निघाला असता तो बुजलेल्या वाटेवरून. ब्लफला त्याला नेमकी तीच भीती वाटली होती. ताज्या बर्फात कुत्र्यांना पुढे चालून वाट तुडवून द्यावी लागते, वेग निम्म्यावर येतो. तुमचे पंधरा तास तिथे वितळले असते. आणि नोममधल्या ज्या पोराला दुपारी डोस मिळाला त्याला तो दुसऱ्या दिवशी मिळाला असता. नाडीपरीक्षांनी वर लिहिलंय त्याचा अर्थ काय होतो, त्यांनाच विचारा.

नाडीपरीक्षा

मला ओढलंतच. अर्थ एवढाच की काहींना फरक पडला असता. किती जणांना, ते सांगता येत नाही. अधिकृत मृत्यू पाच ते सातच्या दरम्यान धरतात, आणि नोमबाहेरच्या आदिवासी वस्त्यांमधले मृत्यू नीट मोजलेच गेले नाहीत असं खुद्द वेल्श यांना वाटत होतं.

पण पेटी हरवली असती तर फरक सगळ्यांनाच पडला असता. मी डॉक्टर असतो तर तोच निरोप पाठवला असता. आणि पहाटे साडेपाचला दारात गाडी उभी राहिली असती तर "निरोप मिळाला नाही का?" असं विचारलं नसतं.