मदत हवी आहे : प्राकृतिक आणि राजकीय विभाग मुलांना वेगळे कसे दाखवायचे?

नमस्कार मंडळी. सहावीला भूगोल शिकवते. नकाशा वाचताना मुलं प्राकृतिक विभाग आणि राज्यं यांचा पार गोंधळ घालतात. दख्खनचं पठार कुठे? महाराष्ट्रात. बस! कर्नाटक, तेलंगणाचं नावही नाही. एकाने सातपुडा मध्य प्रदेशाच्या सीमेवर चक्क छाटला, कारण तिथे रंग बदलतो! तेलंगणा २०१४ साली झालं आणि पठारावरचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे सांगितलं की तेवढ्यापुरत्या माना डोलतात.

खरी पंचाईत सीमा जुळतात तिथे. रत्नागिरी-सातारा सीमा सह्याद्रीच्या माथ्यावरूनच जाते, मग त्यांना वाटतं सगळ्याच सीमा अशा. उलट नाशिक विभागात धुळे-जळगाव तापीच्या खोऱ्यात, तर अहिल्यानगरचा बराचसा भाग गोदावरीच्या.

प्राकृतिक नकाशावर बटर पेपर ठेवून सीमा गिरवून घेतल्या. कागद सरकतो, निम्मा तास त्यातच जातो. प्रोजेक्टर नाही, वर्ग मोठा.

कणकेचा किंवा कागदाच्या लगद्याचा उठावाचा नकाशा कुणी केलाय का? त्यावर सीमेसाठी दोरा टिकतो का? आणि सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करावी की थेट देशापासून? करून पाहिलेलंच सांगा, प्लीज.